दद्दांचा राजीनामा

झाशीत सर्वांत मोठ्या आवाजाचा माणूस कोण, असं विचारलं तर सिविल लाइंसपासून थेट समथरच्या बाजारापर्यंत एकच उत्तर मिळेल, आणि त्या माणसाला मी गप्प केलं. तेही एका शब्दाचं भाषांतर करून. कागद खरा होता, सही खरी होती, शब्दही त्यांचाच होता. मी तो फक्त दुसऱ्या भाषेत सांगितला. ही चूक लिहून काढायची असं वर्षभर ठरवतो आहे. पण चूक सांगण्याआधी तो माणूस सांगायला हवा, नाही तर माझी लाज कुणाला नीट कळायची नाही.

इथल्या बुंदेलीत थोरल्या भावाला दद्दा म्हणतात. आमच्या सेवा क्लबातले सगळेच त्यांना दद्दा म्हणत, त्यांच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा. त्यांचे पूर्वज सात-आठ पिढ्यांपूर्वी कोकणातून इकडं दफ्तरात काम करायला आले आणि इथलेच झाले. खुद्द दद्दांनी सत्तर वर्षांत महाराष्ट्र दोनदा पाहिला, दोन्ही वेळा लग्नाला गेले म्हणून. मी मूळचा साताऱ्याकडचा. विमा कंपनीतल्या नोकरीत बदली होऊन इथं आलो आणि मुलीच्या शाळेपायी राहून गेलो. क्लबाच्या पहिल्याच सभेत माझं आडनाव कानावर पडताच दद्दा खुर्च्यांच्या तीन रांगा ओलांडून आले. "अरे वा, तुम्ही तर देशातले!" ते म्हणाले, आणि सभा थांबली. "आमची मराठी जरा सांभाळून ऐका हं भैया. आम्ही घरातली मराठी बोलून राहिलो. बाहेरची आम्हाला कोण शिकवणार?"

क्लबात दद्दांकडं सूचना देण्याचं काम होतं. येत्या रविवारी कुणाचं व्याख्यान आहे, कोणत्या कामासाठी निधी गोळा करायचा आहे, श्रमदानाला कुठं जायचं आहे, हे सगळ्या सभासदांना कळवायचं. हे काम मोबाइलवर दोन मिनिटांत होतं, असं त्यांना पुष्कळांनी सांगून पाहिलं होतं. "डोळ्यानं वाचलेली सूचना माणूस विसरून जातो," दद्दा म्हणत, "कानात घातलेली विसरून दाखवा!" मग ते आपली जुनी स्कूटर काढत आणि घरोघर फिरत. घंटी वाजवणं त्यांना कमीपणाचं वाटे. फाटकाशी स्कूटर हळू करायची, मान वळवायची, सूचना घरात फेकायची आणि पुढं निघायचं. वेळ वाचावा म्हणून सूचना आखूड असे. एका सकाळी सात वाजता त्यांनी आमच्या फाटकातून "रविवारी मधुमेह!" एवढंच ओरडून स्कूटर पुढं दामटली. माझी बायको हातातलं भांडं टाकून बाहेर आली. आदल्याच दिवशी मी रक्त तपासायला दिलं होतं, आणि तिला वाटलं रिपोर्ट आला.

शिवाय दद्दा ठरलेल्या कार्यक्रमांची सूचना देत, असं म्हणणं बरोबर होणार नाही. ते सूचना देत आणि मग कार्यक्रम ठरत. एखादी कल्पना त्यांच्या डोक्यात आली की ती समितीपुढं मांडण्याइतका धीर त्यांना नसे. ती आधी गावभर होई. आमच्या क्लबातल्या दंतवैद्यांना आपलं व्याख्यान आहे हे भाजी घेताना कळलं. भाजीवाली म्हणाली, "डाक्साब, इतवार खों आप दाँतन पे बोल रए, हम सोई आ जाएँ?" म्हणजे, आम्हीपण येऊ का? डॉक्टर तणतणत दद्दांच्या घरी गेले. दद्दांनी त्यांना पोहे खायला घातले आणि विचारलं, "तो क्या उसको मना कर दूँ? उसके तो चार दाँत हिल रहे हैं।" रविवारी डॉक्टर बोलले. भाजीवाली पहिल्या रांगेत होती. त्या व्याख्यानाला आता दर वर्षी सभागृह भरतं, आणि डॉक्टर ती कल्पना आपलीच होती असं सांगतात.

व्याख्यान कशावरही असो, ते संपलं की दद्दा उठून उभे राहत आणि एकच प्रश्न विचारत, "तो फिर हम करें क्या?" एकदा एक प्राध्यापक मधमाश्यांच्या जीवनावर तासभर बोलले. प्रश्न ऐकून ते गडबडले. असा प्रश्न त्यांना विद्यापीठात कुणी विचारला नव्हता. शेवटी म्हणाले, उन्हाळ्यात बशीत थोडं पाणी ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी सिविल लाइंसभर आरोळी गेली, "बशीत पाणी! मधमाशीसाठी!" आठवड्यात घरोघर बश्या दिसायला लागल्या. मधमाश्या काही आल्या नाहीत, गांधीलमाश्या आल्या, आणि एका निवृत्त कर्नलसाहेबांच्या नाकाला चावल्या. कर्नलसाहेब सुजलेलं नाक घेऊन जाब विचारायला आले, तर दद्दा हात जोडून म्हणाले, "प्यास तो उनको भी लगती है, साहब।"

निधी गोळा करण्यातही त्यांची रीत वेगळी होती. चाकांच्या खुर्च्या घ्यायच्या म्हणून मेळ्यात आम्ही खाण्याचे स्टॉल लावले होते. दद्दांच्या घरून पुरणपोळ्यांची मोठी टोपली आली होती. इथल्या माणसाला पुरणपोळी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. दद्दा म्हणाले, "जो चखेगा नहीं, वो खरीदेगा कैसे?" आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तुकडा तोडून देत राहिले. दुपारी टोपली रिकामी झाली तोवर विक्री सुरूच झाली नव्हती. आम्ही डोक्याला हात लावून बसलो, आणि ते समाधानानं तुपाची बोटं पुसत म्हणाले, "सगळ्या झाशीला पुरणपोळी तर माहीत झाली!"

एरचला बेतवेच्या काठी क्लबानं झाडं लावली, तेव्हा फोटो काढून आम्ही परत आलो. दद्दा मात्र दर महिन्याला तिकडं जात राहिले. कोणतं झाड कुणी लावलं हे त्यांच्या लक्षात असे, आणि ते त्या त्या माणसाला तिथून फोन करत. मी कार्यालयात वरिष्ठांसमोर बसलेलो असताना फोन वाजे. "भैया, तुमचं जांभूळ सुकून राहिलं आहे. अध्यक्षजींचा कडुनिंब बघा, कसा तरारला आहे!" वरिष्ठ विचारत, काय झालं? मी सांगत असे, घरचं आजारपण.

आता मूळ गोष्टीकडं येतो. बबीन्याच्या छावणीतल्या मराठी कुटुंबांनाही रक्तदानाला बोलवावं असं ठरलं, तेव्हा मराठी सूचना दद्दांनी हौसेनं लिहिली: "सर्व मराठी बंधुभगिनींनी रक्तदानाची चेष्टा अवश्य करावी." हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आपल्याकडं चेष्टा म्हणजे काय, हे सांगायला नको. एका सुभेदारांच्या पत्नीनं मला फोन करून विचारलं, "रक्तदानाची चेष्टा कुठं करायची, पत्ता द्या की." हा किस्सा मी सभेत रंगवून सांगितला. सगळे हसले. दद्दा सगळ्यांहून मोठ्यानं हसले. पण दुसऱ्या दिवशी ते एक वही घेऊन माझ्याकडं आले. पहिल्या पानावर 'चेष्टा' लिहिलेलं होतं. म्हणाले, "असे आणखी किती शब्द आहेत, जे आम्ही चुकून राहिलो? लिहून द्या ना. तुम्ही देशातले, तुमची मराठी खरी." मी 'शिक्षा' लिहून दिला, म्हणजे इकडं शिकणं आणि तिकडं छड्या खाणं. आणखी एक-दोन लिहिले. बाकी यादी पुढच्या रविवारी पुरी करतो म्हणालो. वही माझ्याकडंच राहिली. ती यादी मी पुरी केली असती, तर पुढचं काही घडलंच नसतं.

त्यानंतर मी क्लबाचा सेक्रेटरी झालो. मला वाटलं, आता शिस्त आणू. तीन महिन्यांच्या कार्यक्रमांचं सुबक कार्ड छापून घेतलं. त्यातलं पहिलं व्याख्यान होतं 'वेळेचं नियोजन', आणि वक्ते होते एक मोठे निवृत्त अधिकारी. त्याच रविवारी समथरला डोळे तपासणीचं शिबिर आहे, अशी सूचना दद्दांनी समथरच्या बाजारात आधीच देऊन टाकली होती. कार्ड मी त्यांना वेळेवर दाखवलं नव्हतं, आणि त्यांनी मला विचारलं नव्हतं. रविवारी समथरला माणसांची रांग लागली. क्लबातले डोळ्यांचे डॉक्टर तिकडं गेले, आणि मदतीसाठी सभासदही तिकडंच गेले. इकडं सभागृहात पाहुणे, मी आणि माइकवाला, असे तिघे बसलो. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं आणि वेळेचं नियोजन म्हणून ते लवकर निघाले.

पुढच्या सभेत मी सगळ्यांसमोर म्हणालो, "दद्दा, बोलने से पहले पूछना सीखिए। यह क्लब है, आपके घर का आँगन नहीं।" वयानं मी त्यांच्या धाकट्या भावाहून लहान. दद्दा उभे राहिले. "समथर में बहुत लोग आए थे, सेक्रेटरी साहब," एवढंच म्हणाले आणि बसले.

चार दिवसांनी त्यांची स्कूटर आमच्या फाटकाशी आली आणि थांबली. आरोळी आली नाही. दद्दा उतरून आत आले आणि माझ्या हातात पाकीट दिलं. "मराठीत लिहिलं आहे. दोन दिवस लागले. चुका पोटात घाला," ते हसत म्हणाले. "रविवारी मला समथरला चष्मे वाटायला जायचं आहे. सभेत तुम्हीच वाचून सांगा सगळ्यांना." चहा घेतला, बायकोची विचारपूस केली आणि गेले. पत्र आखूड होतं: "सेक्रेटरीसाहेब, परवा सभेत आपल्या दोघांत झालं ते बरं नाही झालं. क्लबाच्या कामात दोन तोंडं नकोत. म्हणून मी माझ्याकडून राजीनामा देऊन राहिलो आहे. आपणही मान्य करावा, म्हणजे विषय संपला."

मराठीत राजीनामा म्हणजे पद सोडणं. इकडं राजीनामा म्हणजे दोन भांडणारे एकमेकांशी राजी होतात ते, म्हणजे समेट. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. दोन मोटारसायकली धडकल्या की दोन्ही घरांतली माणसं आपसात राजीनामा लिहून देतात, आणि त्याच्या प्रती माझ्या टेबलावर येतात. असे कागद मी वर्षानुवर्षं हाताळत होतो. पत्र वाचताच मला अर्थ कळला. दद्दा समेट करायला आले होते. आणि कळल्याबरोबर, लाज वाटते पण सांगतो, दुसरा अर्थ मला फार सोयीचा वाटला.

रविवारी अध्यक्षजींनी विचारलं, "दद्दा की चिट्ठी है? क्या लिखा है?" पत्र जसं होतं तसं वाचलं असतं, तरी तो एक शब्द सगळ्यांना अचूक कळला असता. त्यांच्याच बोलीतला तर शब्द होता. मी वाचलं नाही. भाषांतर केलं. म्हणालो, "दद्दा ने इस्तीफ़ा भेजा है।"

दंतवैद्य म्हणाले, "दद्दा और इस्तीफ़ा? उनसे बात तो कर लें।"

"मराठी में साफ़ लिखा है," मी म्हणालो. "मंज़ूर करने को भी कहा है।"

मराठीचा अधिकार माझा होता. शाल द्यायचं ठरलं. संध्याकाळी अध्यक्षजी आणि मी शाल घेऊन त्यांच्याकडं गेलो. दद्दा नुकतेच समथरहून आले होते, अंगावर रस्त्याची धूळ होती. अध्यक्षजींनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली आणि म्हणाले, "दद्दा, आपने इस्तीफ़ा दे ही दिया, तो हम क्या करते।" दद्दांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरमधली एकादशी शोधायला लागलो. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. वही विसरलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर येते तशी ओशाळगत आली. "हाँ," ते हळू म्हणाले, "लिखा तो मैंने ही था।" आपण पुन्हा चेष्टेसारखं काहीतरी लिहून बसलो, अशी त्यांची समजूत झाली होती. आणि चार लोकांत ते कबूल करण्यापेक्षा त्यांनी पद सोडणं पत्करलं.

त्यानंतर माझे कार्यक्रम अगदी छापल्याप्रमाणे होत राहिले. व्याख्यानं वेळेवर सुरू होत, वेळेवर संपत, आणि खुर्च्या उचलायला फार माणसं लागत नसत, कारण पुष्कळशा उघडलेल्याच नसत. प्रश्न विचारा म्हटलं की वक्ते आमच्याकडं बघत आणि आम्ही वक्त्यांकडं. दद्दा रस्त्यात भेटत. "नमस्ते सेक्रेटरी साहब, सब कुशल?" म्हणत. सभेबाहेर कधी माझ्याशी मराठीखेरीज न बोललेला माणूस मला 'आप' म्हणायला लागला होता. मी मनाला समजावलं, रागावले असतील, होईल ठीक.

मग एक दिवस औषधांच्या दुकानात वहिनी भेटल्या, म्हणजे दद्दांच्या पत्नी. मी तब्येत विचारली, तर म्हणाल्या, "तब्येतीला काय होतंय. पण भैया, यांनी मराठी सोडून दिली."

"म्हणजे?"

"बोलतच नाहीत. माझ्याशीपण नाही, नातवाशी फोनवर पण नाही. त्याला श्लोक शिकवून राहिले होते, ते बंद. म्हणतात, आपली मराठी खोटी आहे, पोराला खोटी शिकवू नये. घरात मी एकटीच बोलते, भिंतीशी बोलल्यासारखी." पिशवी या हातातून त्या हातात घेत त्यांनी विचारलं, "राजीनामा म्हणजे तिकडं नोकरी सोडणं म्हणतात म्हणे. तुम्हाला इकडचा अर्थ ठाऊक नव्हता का हो?"

मी म्हणालो, "मला जरा उशीर होतोय, वहिनी." आणि औषध न घेताच निघालो.

पद गेलं, हे मी सोसलं असतं. पदं येतात-जातात. पण आठ पिढ्या या परमुलखात, चहूकडून हिंदी आणि बुंदेली असताना, ज्या घरानं आपली भाषा चुलीपाशी जपून ठेवली, त्या घरातून ती माझ्या एका भाषांतरानं निघाली होती. ज्याला मराठी सगळ्यांत चांगली येते असं ते समजत होते, त्या माणसानं ती घालवली होती.

तरी मला आणखी दोन महिने लागले. जानेवारीच्या सभेत येत्या कार्यक्रमांचं वाचन माझ्याकडं होतं. मी फाइलमधून दद्दांचं पत्र काढलं आणि जसंच्या तसं, मराठीत, वाचलं. राजीनामा या शब्दाशी आलो तशा माना वर झाल्या.

कर्नलसाहेब म्हणाले, "रुकिए। इसमें इस्तीफ़ा कहाँ है? ये तो सुलह कर रहे हैं!"

"मराठी में इसका मतलब इस्तीफ़ा होता है," मी म्हणालो. "लेकिन दद्दा ने यहाँ वाले मतलब से लिखा था।"

दंतवैद्य माझ्याकडं रोखून पाहत म्हणाले, "आप तो बीमे वाले हैं। रोज़ राजीनामे देखते हैं।"

"जी। मुझे मालूम था।"

अध्यक्षजींनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "यह हमसे क्यों कह रहे हैं? उनके पास जाइए।"

मी तिथूनच गेलो. दुपारचं ऊन ओसरीवर आलं होतं. दद्दा परातीत मटार सोलत बसले होते. "आइए, आइए, बैठिए," म्हणाले आणि माझ्यासाठी बसायला वेताचा मोढा सरकवला. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. मी मराठीत म्हणालो, "दद्दा, त्या पत्रातला तुमचा शब्द बरोबर होता. सभेत मी तो चुकीचा सांगितला."

त्यांनी हात थांबवला नाही. "अरे साहब, ज़बान का फेर है। आपके उधर वही मतलब होता है। आपने अपने हिसाब से समझा। गलती हमारी थी।"

निसटायला केवढी मोठी वाट त्यांनी मला करून दिली होती! हो म्हटलं असतं तर चहा येऊन विषय संपला असता, आणि क्षणभर ते 'हो' माझ्या जिभेवर आलंही.

"नाही दद्दा," मी म्हणालो. "इकडचा अर्थ मला ठाऊक होता. पत्र वाचलं तेव्हाच कळला होता. तुमची मराठी चुकली नव्हती. मी मुद्दाम केलं."

एक शेंग त्यांच्या हातात अर्धी उघडलेली राहिली. दारातून वहिनी आत निघून गेल्या. दद्दांनी ती तशीच परातीत ठेवली. मग त्यांनी विचारलं, "का केलं हो भैया असं?"

"तुम्ही सांगितलं की लोक येत. मी कार्डं छापून वाटली तरी कुणी येत नसे. मला ते सोसलं नाही." मी मोढ्यावरून उठून त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो, कारण वर बसून पुढचं बोलता येईना. "मला क्षमा करा, दद्दा. करावीशी वाटली नाही तर नका करू. पण मराठी बोला. आत्ता बोललात तशी, वहिनींशी, नातवाशी."